अथेन्समध्ये मोडलेला कणा

एनॉक टॅटर्सॉल युरोपचा अजिंक्यवीर झाला तेव्हा तो न्हाव्याच्या खुर्चीत बसला होता. एका गालाला साबण, दुसरा गुळगुळीत. कुस्त्या भरवणाऱ्या बॅमफर्थचा माणूस दुकानाच्या काचेवर नवं पोस्टर चिकटवून गेला. न्हाव्याने बाहेर जाऊन ते वाचलं, आत येऊन वस्तरा खाली ठेवला आणि एनॉकचा हात धरून गदागदा हलवला. लिएज शहरात भरलेल्या स्पर्धेत साऱ्या युरोपच्या पैलवानांना लोळवून एनॉकने मध्यम-जड वजनाचा किताब पटकावला होता, असं पोस्टर म्हणत होतं. आता तो अख्खा आठवडा एनॉक आमच्या रॅमशॉ गावातच होता, आणि दोनच दिवसांपूर्वी याच न्हाव्याबरोबर पबमध्ये डॉमिनो खेळत बसला होता. पण ही गोष्ट न्हाव्याच्या ध्यानात आली नाही आणि एनॉकनेही काढली नाही. कोणी इतक्या प्रेमाने हात हलवत असताना मध्येच काय बोलायचं, असं त्याने नंतर विनीला सांगितलं.

विनी माझी थोरली बहीण, एनॉकची बायको. मी रॅमशॉच्या नगरपालिकेच्या पोहण्याच्या तलावावर तिकीट खिडकीत बसायचे. उन्हाळ्यात त्या खिडकीतून टॉवेल आणि तिकिटं द्यायची, आणि थंडी पडली की तलावावर फळ्या टाकून वर रिंग उभी राहायची, मग त्याच खिडकीतून कुस्तीची तिकिटं. फळ्यांखालून क्लोरीनचा वास यायचा. पैलवान आपटला की खालचं पाणी डुचमळल्याचा आवाज व्हायचा, आणि लांबून आलेल्या लोकांना वाटायचं, केवढी ही ताकद.

सिरिल बॅमफर्थ हे सगळं भरवायचा. उंटाच्या रंगाचा ओव्हरकोट, अंत्यविधीवाल्यासारखा मऊ आवाज. तो स्वतः कुस्ती कधीच बघायचा नाही. कुस्ती चालू असताना माझ्या खिडकीशी येऊन पेपरमिंट चघळत उभा राहायचा. एकदा मी विचारलं तर म्हणाला, "कुस्ती रिंगमध्ये होत नाही, ॲग्नेस. कुस्ती भिंतीवर होते." भिंतीवर म्हणजे पोस्टरवर. रॅमशॉतल्या प्रत्येक दुकानदाराला दोन फुकट पास, आणि त्याच्या काचेवर बॅमफर्थचं पोस्टर. पोस्टरवर प्रत्येक लढत लोकाग्रहास्तव असे, प्रत्येक वैर जुनं असे, आणि तळाला बारीक अक्षरांत लिहिलेलं असे की सदर किताब कुस्ती नियंत्रण मंडळाच्या मान्यतेने. मंडळात तिघं होते: विधुर बॅमफर्थ, त्याची सासू आणि सासूचा दंतवैद्य. त्यांची बैठक रविवारी जेवणानंतर होई आणि बहुधा पत्त्यांवर संपे.

किताबाबरोबर पट्टाही आला. शवपेट्यांच्या कड्या घडवणाऱ्या कारागिराकडून बॅमफर्थने तो करून घेतला होता. मधोमध सिंह होता, पण कारागिराने आयुष्यात सिंह पाहिलेला नसल्याने त्याने घरची मांजर समोर बसवली असावी. विनीने तो दिवाणखान्यातल्या कपाटात लग्नातल्या चिनी मातीच्या भांड्यांशेजारी ठेवला.

एनॉक मूळचा खाणीतला. कोळसा काढून वर आला की एका पबमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये म्हाताऱ्या खाणकामगारांकडून खरी कुस्ती शिकला होता, ज्यात माणूस ओरडेपर्यंत सुटका नसते. तिथे त्याचं नाव होतं. पण शेडमधली कुस्ती बघायला कोण येणार? दोघं जण भुईवर एकमेकांना गुंतून पडलेले, आणि एकाचा अंगठा जरासा हलला एवढंच दिसतं. बॅमफर्थच्या रिंगमध्ये तो सांगतील त्या फेरीत जिंकायचा, सांगतील त्या फेरीत हरायचा, आणि चितपट करताना समोरच्याचं डोकं आपटू नये म्हणून हळूच तळहात घालायचा. त्याचं त्याला काही वाटत नसे. पण अजिंक्यवीर झाल्यावर मात्र त्याच्या चालण्यात फरक पडला. पाठ ताठ झाली. चर्चच्या जत्रेचं उद्घाटन त्याच्या हातून, गुटगुटीत बाळांच्या स्पर्धेत परीक्षक तोच. विनी म्हणायची, खोटा का असेना, पण किताबाने आमच्या माणसाचं भलं केलं, आता तो घरात पाय पुसून येतो.

अशी काही वर्षं गेली. मग टेलिव्हिजनवर शनिवारी दुपारी कुस्ती दिसू लागली आणि बॅमफर्थला लेस्ली पिलिंग सापडला. पोरगं देखणं होतं, नाकारून चालणार नाही. सोनेरी केस, गुलाबी चड्डी, आणि रिंगमध्ये शिरताना असं हसायचं की पहिल्या रांगेतल्या आज्या विणकामाच्या सुया खाली ठेवायच्या. त्याला एकच गोष्ट यायची: दोन्ही पायांनी उडी मारून लाथ घालणं. तीही पोचायची नाही.

बॅमफर्थने एनॉकला बोलावून सांगितलं की येत्या महिन्यात किताब लेस्लीकडे जायचा, तिसऱ्या फेरीत, उडत्या लाथेने. एनॉक म्हणाला, किताब खुशाल न्या. हरायला माझी ना नाही. पण लाथेने नको. त्या पोराला एखादा डाव शिकवतो, त्या डावात मी रीतसर अडकतो. बॅमफर्थने नाक मुरडलं, पण लेस्लीला शेडमध्ये पाठवलं. एनॉकने त्याचं मनगट धरून मान जराशी वाकवली तशी लेस्लीने विचारलं की या डावात केस विस्कटतात का. एनॉक म्हणाला, विस्कटतात. लेस्ली कोट घालून निघून गेला.

"मग लाथच," बॅमफर्थ म्हणाला.

"ती लाथ माझ्यापर्यंत येत नाही, बॅमफर्थसाहेब."

"तू तिच्यापर्यंत जा ना, बाळा."

एनॉक घरी आला, चहा प्यायला, आणि विनीला म्हणाला की मी ब्रॅकलीला चाललो. ब्रॅकली शेजारचंच गाव, तिथे मिसेस थेल्मा सॉवरबट्स नावाची विधवा बाई धान्यबाजाराच्या हॉलमध्ये कुस्त्या भरवायची. नवऱ्यामागे धंदा तिने एकटीने ओढला होता, आणि बॅमफर्थचं नाव निघालं की घाण वास आल्यासारखी ती खिडकी उघडायची.

पुढच्याच कार्यक्रमाला बॅमफर्थने विकायला दिलेल्या पुस्तिकांचा गठ्ठा मी सोडला, तर पहिल्या पानावर काळी चौकट. वर एनॉकचा फोटो. खाली लिहिलं होतं: अथेन्समधील दुर्दैवी घटना. किताबाच्या रक्षणासाठी एका अजस्र ग्रीक पैलवानाशी झुंजताना आपल्या लाडक्या एनॉकचा कणा मोडला असून तो पुन्हा कुस्ती खेळू शकणार नाही. इस्पितळाच्या खाटेवरून त्याने इच्छा व्यक्त केली आहे की किताब लायक तरुणाकडे जावा. पट्टा त्या गडबडीत समुद्रात पडला म्हणे. कड्यावाल्याने नवा केला, आणि या वेळचा सिंह जरा बरा जमला होता.

ते वाचून मी खिडकी बंद केली आणि विनीकडे धावले. एनॉक परसात शिडीवर चढून भिंतीला चुना लावत होता. मी पुस्तिका दाखवली. त्याने ती वाचली, उलटून मागची साबणाची जाहिरातही वाचली, आणि विचारलं, "अथेन्सला जायला बोट लागते का गं?"

आम्हाला वाटलं, हसं होईल बॅमफर्थचं. माणूस गावात हिंडतोय, बाजारहाट करतोय, हातच्या कंकणाला आरसा कशाला? पण दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या मिसेस क्लेग कस्टर्डचं भांडं घेऊन दारात उभ्या. दार एनॉकनेच उघडलं. मी आत बटाटे सोलत होते, सगळं ऐकू येत होतं.

"मिसेस क्लेग, मी ठणठणीत आहे हो. काल तुमच्यासमोरच नाही का कोळशाचं पोतं उचललं मी?"

"असंच म्हणायचं असतं, बाळा. आमचा हर्बर्टही शेवटपर्यंत असंच म्हणत होता."

"पण मी अथेन्सला गेलोच नव्हतो."

मिसेस क्लेगनी त्याच्या खांद्यावरून आत बघून विनीला हळूच विचारलं, "डोक्यालाही लागलंय का?"

त्यानंतर रीघ लागली. कोणी हाडांचं सूप आणलं, कोणी लोकरीचा कमरपट्टा विणून आणला. एनॉक रस्त्याने ताठ चालला की बायका म्हणायच्या, बघा कसा ताठ चालतो, कणा वाकतच नाही बिचाऱ्याचा. बसून उठला की पुरुष नजर दुसरीकडे वळवायचे. रविवारी पाद्रीबाबांनी अथेन्समध्ये खाटेवर पडलेल्या बंधू एनॉकसाठी प्रार्थना सांगितली, तेव्हा बंधू एनॉक तिसऱ्या बाकावर विनीशेजारी बसला होता. स्तोत्र म्हणायला तो सगळ्यांबरोबर उभा राहिला, तर अख्ख्या चर्चमधून एक उसासा गेला. पाद्रीबाबांनी नंतर दारात त्याचा हात दाबून सांगितलं की तुझी श्रद्धा मोठी आहे. लेस्लीने काळी फीत बांधून किताब जिंकला त्या दिवशी मी खिडकीत बसून इतक्या रडणाऱ्या लोकांना तिकिटं दिली की नोटा ओल्या लागत होत्या.

मिसेस सॉवरबट्सनी एनॉकचं नाव पोस्टरवर टाकलं तर ब्रॅकलीत वेगळाच गदारोळ. पांगळ्या माणसाला रिंगमध्ये उतरवता, शरम नाही का, म्हणून नगरसेवक भेटायला आले. बाईंनी एनॉकला त्यांच्यासमोर उठाबशा काढायला लावल्या. नगरसेवकांनी डोळे पुसले आणि म्हणाले, बास, बास, बघवत नाही.

तरी कुस्ती झाली. समोर अल्बर्ट ग्रिमशॉ, पोस्टरवरचं नाव 'कसाई'. एरवी हा घरी शेवंती लावणारा, सर्दी झाली तरी घाबरणारा माणूस. पण रिंगमध्ये दुष्टपणा करायचं काम त्याच्याकडे. त्याने ठरल्याप्रमाणे एनॉकच्या पाठीत कोपर मारल्यासारखं केलं मात्र, हॉलमध्ये आकांत उठला. एक म्हातारी दोरांखालून हात घालून त्याच्या पोटरीत टोपीची पिन टोचू लागली, दुसरीने छत्री फेकली. ग्रिमशॉ एनॉकच्या मिठीत शिरून कानात म्हणाला, "पाचव्या फेरीपर्यंत कशाला थांबायचं? आत्ताच पाड मला. नाहीतर या बाया मला जिवंत घरी जाऊ देत नाहीत."

एनॉकने त्याला पाडलं. लोक उभं राहून रडले. मोडलेल्या कण्याने माणूस जिंकला, याहून मोठं काय असतं? सॉवरबट्सबाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला नाही. त्यांनी एनॉकला गोडीत सांगितलं की थोडंसं लंगड, फार नाही. एनॉक म्हणाला, कणा मोडल्यावर लंगडतात का, ते मला माहीत नाही, आणि मी लंगडणार नाही. बाई म्हणाल्या, राहू दे, त्यांना तू लंगडताना दिसतोसच. आणि खरंच, ब्रॅकलीचा हॉल आठवड्यामागून आठवडे भरू लागला, आणि रॅमशॉत माझ्या खिडकीपुढे माशा. लेस्लीच्या लाथा लोकांना पाठ झाल्या होत्या.

शेवटी एके दुपारी बॅमफर्थ चॉकलेटचा डबा घेऊन विनीच्या घरी आला. पाठोपाठ सॉवरबट्सबाईही आल्या. वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड न बघणारी ही दोघं एकाच सोफ्यावर बसून एकाच किटलीतला चहा प्यायली, तेव्हाच मी ओळखलं की काहीतरी मोठं शिजतंय. दोघांनी मिळून एकच कार्यक्रम करायचा होता, रॅमशॉच्या तलावावर. एनॉक विरुद्ध लेस्ली, एकमेव खऱ्या किताबासाठी. एनॉक चार फेऱ्या सिंहासारखा लढेल, मग लेस्लीची लाथ बसेल, जुना कणा पुन्हा दगा देईल, आणि त्याला स्ट्रेचरवरून नेतील. स्ट्रेचरमागे ब्रास बँड असावा की नसावा, यावर दोघांचं थोडं वाजलं.

एनॉकने सगळं ऐकून घेतलं. अखेर म्हणाला, "बँड नको."

त्याने मान्य केलं असंच सगळ्यांनी धरलं. विनीने तेवढं माझ्याकडे बघितलं. नवऱ्याचा आवाज ती माझ्यापेक्षा चांगला ओळखते.

त्या दिवशी तिकिटं दुपारीच संपली. मी खिडकी लावून आत गेले आणि भिंतीला टेकून उभी राहिले. एनॉक नेहमीच्या काळ्या चड्डीत आला, तसं हॉलभर शांत झालं, आजाऱ्याच्या खोलीत होतं तसं. लेस्लीने चारही कोपऱ्यांत जाऊन हसून घेतलं. घंटा झाली. दोघांनी हात मिळवले. मग एनॉक खाली वाकला, काहीतरी सांडलेलं उचलायला वाकावं तसा, आणि लेस्लीचा घोटा त्याच्या हातात होता. पुढचं मला नीट दिसलंच नाही. लेस्ली पालथा पडला होता, त्याचा पाय एनॉकच्या काखेत गेला होता, आणि एनॉकचं मनगट जरासं फिरलं. लेस्ली किंचाळला. तो आवाज मी त्या हॉलमध्ये इतक्या वर्षांत ऐकला नव्हता. तो फळ्यांवर तळहात आपटत राहिला, खाली पाणी डुचमळत राहिलं, आणि पंचाने बॅमफर्थकडे बघत, नाइलाजाने, एनॉकचा हात वर केला. लोक अजून कोट काढून मांडीवर ठेवत होते.

 मग गॅलरीतून कोणीतरी ओरडलं, "नुरा कुस्ती. सगळं ठरवून केलंय."

बस, तेवढंच पुरे झालं. शिट्ट्या, हुर्यो, संत्र्याच्या साली. लेस्ली पाय धरून खरंखुरं रडत होता, आणि पहिल्या रांगेतले लोक म्हणत होते की एवढा वाईट अभिनय आम्ही जन्मात पाहिला नाही. मिसेस क्लेग पर्स फिरवत रिंगपाशी गेल्या.

"लाज नाही वाटत? आजारी म्हणून मी तुला कस्टर्ड खाऊ घातलं."

"मी सांगत होतो तुम्हाला, मिसेस क्लेग," एनॉक म्हणाला.

बॅमफर्थला आयुष्यात पहिल्यांदा मी रिंगमध्ये चढताना पाहिलं. त्याने माइक घेतला, डोळे मिटले, आणि त्या मऊ आवाजात सांगितलं की बंधुभगिनींनो, आपली घोर फसवणूक झाली आहे. हा माणूस एनॉक टॅटर्सॉल नाही. खरा एनॉक अथेन्सच्या इस्पितळात आहे, तिथून आत्ताच फोन आला. हा त्याच्यासारखा दिसणारा एक तोतया असून शत्रूंनी त्याला आपल्या लेस्लीचा पाय मोडायला पाठवलं आहे. नियंत्रण मंडळाने ही लढत रद्द ठरवली आहे.

लोकांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. तरीच, असं म्हणाले. याचे कान वेगळेच आहेत, मला आधीच वाटलं होतं, असं न्हावी म्हणाला. सॉवरबट्सबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांनी बॅमफर्थकडे अशा कौतुकाने पाहिलं की मला अवघडल्यासारखं झालं. पुढच्या वर्षी त्या दोघांनी लग्न केलं. ज्या तलावात एनॉक लहानपणी पोहायला शिकला, त्याच्यावरच उभं राहून, सख्ख्या बायकोदेखत, तो एनॉक नव्हता असं ठरलं.

विनी आणि मी कपडे बदलायच्या खोलीत गेलो तेव्हा बॅमफर्थ आधीच तिथे पोचला होता. रागाचं नाव नाही. उलट त्याच्या गालांवर लाली चढली होती. तो एनॉकला समजावत होता की तोतया ही सोन्याची खाण आहे. गावोगाव तोतया विरुद्ध लेस्ली, लोक थुंकायला येतील, रांगा लावून येतील, आणि दोन वर्षांनी खरा एनॉक अथेन्सहून परत येऊन तोतयाला हरवेल. दोन्ही तूच, बाळा.

एनॉक बुटाची नाडी बांधत होता. त्याला हसू फुटलं. आधी हळू, मग त्याला नाडी बांधता येईना इतकं. विनीने त्याच्यापुढे बसून नाडी बांधली. "बॅमफर्थसाहेब," तो म्हणाला, "मी आज एक कुस्ती केली. मला पुरेल ती." मग त्याने विनीला विचारलं की जाताना तळलेला मासा घ्यायचा का, आणि आम्ही मासा घेऊन घरी गेलो. दुकानदाराने त्याला मासा दिला, पण नजर दिली नाही, तोतयाला द्यायची नाही म्हणून.

नंतर एनॉक रिंगमध्ये उतरला नाही. नगरपालिकेने त्याला तलावावर ठेवून घेतलं, म्हणजे उन्हाळ्यात तो माझ्याच बरोबर. मुलं त्याला तोतया म्हणूनच हाक मारायची, तोही ओ द्यायचा. अथेन्समधल्या एनॉकसाठी नाताळात चर्चमध्ये वर्गणी निघाली तेव्हा त्यानेही डब्यात टाकलं. विनी चिडली, तर म्हणाला, बिचारा परदेशात एकटाच पडलाय.

लेस्लीचा पाय बरा व्हायला बराच काळ लागला. मग एका रविवारी सकाळी मी विनीचा डबा घेऊन पबमागच्या शेडमध्ये गेले. एनॉक दोन म्हाताऱ्यांबरोबर चटया झटकत होता. दारात लेस्ली उभा होता, जरासा लंगडत आलेला. सगळं गाव म्हणत होतं की ती कुस्ती ठरवलेली होती. ती तशी नव्हती, हे एनॉकखेरीज या पोराच्या गुडघ्यालाच ठाऊक होतं.

"तो डाव," लेस्ली म्हणाला, "तो कसा केलात?"

एनॉकने त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "केस विस्कटतील."

लेस्लीने कोट काढून खिळ्याला अडकवला. एनॉकने त्याला चटईवर पालथं झोपायला सांगितलं आणि गुडघ्याशी बसून, अगदी हळू, पाय कुठे धरायचा ते दाखवू लागला. मी डबा बाकावर ठेवला. बराच वेळ उभी होते, पण बघण्यासारखं तिथे काही दिसत नव्हतं. एकाचा अंगठा तेवढा जरासा हलत होता, आणि दुसरा दात आवळून म्हणत होता, "पुन्हा दाखवा."